पैलवान विकणे आहे

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना, सिंगापूरच्या जुरोंग ईस्टमधल्या एका काँडोच्या, म्हणजे आपल्याकडच्या सोसायटीच्या, गेटपाशी एक जुनी अमेरिकन गाडी येऊन थांबली. गाडी लालभडक होती, चालू होती आणि तिच्या स्टिअरिंगवर ती विकत घ्यायला आलेले मिस्टर क्वेक कातडी हातमोजे घालून बसले होते. गेट सताड उघडं होतं. तरीही गाडी पुढे सरकली नाही.

कारण शेजारच्या सीटवर बसलेला गाडीचा मालक सुबोध आगाशे हातातल्या फोनकडे बघत होता आणि फोन त्याला सांगत होता, की या गाडीचे यंदाचे दिवस संपले!

सिंगापुरात जुनी गाडी बाळगायला सरकारची हरकत नसते. हरकत असते ती चालवायला. पस्तिशी ओलांडलेल्या गाडीला ‘क्लासिक’ असा मान देतात, कर माफक लावतात आणि वर्षातले मोजके दिवसच रस्त्यावर यायची मुभा देतात. त्या दिवसाची नोंद आधी ऑनलाइन करायची. मग गाडी दिवसभर हुंदडवा, नाहीतर कोपऱ्यावरून कोथिंबिरीची जुडी आणा. दिवस गेला तो गेला! नवे दिवस एकदम एक जानेवारीला. तोवर गाडी पुसायची आणि पाहुण्यांना दाखवायची. चांदीच्या ताटाचं आपण वेगळं काय करतो?

हे सुबोधला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये तो प्लॅनिंग मॅनेजर होता. अख्खा प्लांट दुरुस्तीसाठी कधी बंद ठेवायचा आणि त्यात कुठला पंप कुठल्या तासाला उघडायचा, हे तो सहा महिने आधी ठरवायचा. “माझा प्लॅन कधी चुकत नाही,” असं तो कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याला, त्यानं न विचारता, सांगायचा. “चुकलीच तर वस्तुस्थिती चुकते.”

गाडी त्याला तुआसमध्ये सापडली होती. तिथल्या एका फॅब्रिकेशन यार्डाचा मॅनेजर बाळू घोरपडे हा त्याचा मित्र, मूळचा कोल्हापूरचा. त्याच्या शेडमागे ताडपत्रीखाली ही एकोणीसशे एकोणसत्तर सालची बया कुणा ऑस्ट्रेलियन माणसानं सोडून दिलेली होती. त्यानं स्टिअरिंग उजवीकडे बसवून घेतलं आणि मग उत्साह संपला.

“हिला मसल कार म्हणतात,” सुबोध म्हणाला होता. “आठ सिलिंडर!”

“मसल म्हंजे पैलवानच की!” बाळूनं ताडपत्री उचलून आत बघितलं. “खुराक लई लागंल बघा.”

तेव्हापासून गाडीचं नाव पैलवान. चार वर्षं सुबोधचे सगळे शनिवार पैलवानाच्या मालिशीत गेले. अमेरिकेतून पार्सलं येत. शुभदा, त्याची बायको, दर वेळी आशेनं दार उघडी आणि दर वेळी आतून काहीतरी काळं, जड, तेलकट निघे. दीड वर्ष गाडीची पुढची सीट त्यांच्या हॉलमध्ये होती. पाहुणे तिच्यावर बसून चहा घेत. एकदोघांनी सवयीनं पट्टासुद्धा शोधला!

पहिल्यांदा इंजिन सुरू झालं, तेव्हा शेजारच्या शेडमधले कामगार मुकाट्यानं बाहेर आले आणि आग लागली की जमायच्या असेंब्ली पॉइंटवर रांगेत उभे राहिले.

सुबोधच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. धुरामुळे, असं तो म्हणतो.

पैलवान रस्त्यावर आला तो यंदाच्या जानेवारीत. आणि लगेचच तो महाराष्ट्रीय मंडळाच्या अध्यक्षा संजीवनीताईंच्या नजरेत आला.

संजीवनीताई त्याच काँडोत दुसऱ्या इमारतीत राहत. त्या कुणाकडे काही मागत नसत. त्या फक्त सांगत. “सुबोध, पाडव्याच्या शोभायात्रेत पुढे तुझी गाडी आहे हं.” ‘आहे’! ‘देशील का’ नाही, ‘जमेल का’ नाही. आता आपल्या लोकांत ‘नाही’ हा शब्द घरच्यांसाठी राखून ठेवलेला असतो. बाहेरच्यांना आपण “बघतो” म्हणतो, आणि बाहेरचे त्याचा अर्थ “हो” असा घेऊन गाडीला लावायला झेंडूच्या माळा घेऊन येतात.

पाडव्यापाठोपाठ कुणाची मुंज निघाली. बटूला म्हणे घोड्यावर बसायचं होतं आणि सिंगापुरात घोडा मिळेना. पैलवानाच्या अंगात तीनशे घोडे आहेत, असं सुबोधनंच कुठंतरी बढाईत सांगितलं होतं. मग एक डोहाळजेवण झालं. त्यात गाडी गेटबाहेर झाडाखाली उभी राहिली, होणारी आई टपावर रेलली, फोटो निघाला, गाडी परत आत. रस्त्यावर एकंदर मुक्काम चार मिनिटं. दिवस गेला! मग गणपती. “बाप्पांना टॅक्सीनं आणायचं का आता?” ताई म्हणाल्या. बाप्पा आले पैलवानातून आणि साहजिकच गेलेही पैलवानातून. सगळ्यांचं म्हणणं एकच असे, “एका दिवसाचा तर प्रश्न!”

अशात सप्टेंबरअखेर कंपनीनं सुबोधची बदली गुजरातेतल्या प्लांटवर केली. डिसेंबरच्या एकोणतीस तारखेचं विमान. असली जुनी गाडी भारतात नेता येत नाही, हे दोन वकिलांनी आणि एका मेहुण्यानं स्वतंत्रपणे सांगितलं. म्हणजे उरले दोन मार्ग. गाडी विकायची, नाहीतर नोंदणी रद्द करून भंगारात द्यायची आणि चार वर्षांचे शनिवार पत्र्याच्या गठ्ठ्यात दाबून निघताना बघायचे.

सुबोधनं प्लॅन केला. प्लॅन ए, जाहिरात. प्लॅन बी, अठ्ठावीस तारखेला भंगारवाल्याची लॉरी. बी कधी लागणार नाही याची त्याला खात्री होती. पण बी नसलेला प्लॅन त्याला कपबशीतल्या नुसत्या बशीसारखा वाटायचा. शिवाय गिऱ्हाइकासाठी त्यानं गाडीचे दोन दिवस राखून ठेवले. जाहिरात अशी होती: ‘एकहाती वापर. शांत रविवारीच चालवलेली. धुळीपासूनही जपलेली.’

मंडळातल्या एकानंही गाडी घेण्यात रस दाखवला नाही. “चालवायचीच नाही तर घेऊन काय करू?” असं ज्यांनी ती वर्षभर चालवली त्यांनीच विचारलं!

मिस्टर क्वेक हे एकमेव खरं गिऱ्हाईक. नटबोल्टच्या तीन दुकानांचे मालक, साठीचे, अत्यंत मितभाषी. फोनवर त्यांनी एकच अट घातली. “नेव्हर ड्राइव्ह, नेव्हर बाय.” शनिवारी संध्याकाळी ते मुलीकडे मेलबर्नला जाणार होते, परतणार थेट जानेवारीत. तेव्हा शनिवारची सकाळ ठरली.

“तुआसला बोलावतो त्यांना,” सुबोध म्हणाला. “गाडी तिथंच आहे.”

“शेडमध्ये?” शुभदानं पोळी तव्यावरच ठेवली. “इतक्या मोठ्या माणसाला शेडमध्ये बोलावणार? बसवणार कुठं? देणार काय, ग्रीस? घरी बोलाव. मी पोहे करते.”

हे सुबोधला लगेच पटलं. आपल्याकडे व्यवहार पोह्यांवर होतात. लग्नं जमली ती पोह्यांवरच, मग गाडी का जमू नये? म्हणून शुक्रवारी राखीव दिवसांपैकी एक खर्च करून त्यानं पैलवान तुआसहून घरी आणला. दुसरा दिवस शनिवारसाठी होताच. सरकारच्या वेबसाइटवर किती दिवस उरले ते दिसतं. पण प्लॅन करणारा माणूस आपला हिशेब दुसऱ्याच्या हिशेबाशी ताडून बघत नसतो.

शनिवारी मिस्टर क्वेक आले. त्यांनी पोहे खाल्ले. पुन्हा घेतले. मग हातमोजे चढवले, गाडी सुरू केली, पार्किंगमधून वळवून गेटपाशी आणली, आणि सुबोधनं आजचा दिवस नोंदवायला फोन उघडला.

“व्हाय स्टॉप?” क्वेक.

“स्मॉल प्रॉब्लेम.”

“एंजिन?”

“नो, नो. कॅलेंडर.”

क्वेकनी त्याच्याकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी गाड्यांचे अनेक बिघाड ऐकले असतील, हा नवा होता. सुबोध खाली उतरला आणि गेटपाशी उभ्या असलेल्या शुभदाजवळ गेला. चेहरा मात्र त्यानं हसरा ठेवला.

“एक दिवस कमी कसा?” तो दातांआडून म्हणाला.

शुभदानं एकदम झाडांकडे बघायला सुरुवात केली. “कोजागरी,” ती म्हणाली.

“काय कोजागरी?”

“ताईंचा फोन आला होता. मसाला दुधाची पातेली न्यायची होती पार्कमध्ये. तू प्लांटच्या शटडाउनवर होतास, रात्रपाळीला. तुझ्या लॉगिननं केलं मी. चालवायला बाळूभाऊजी होते.”

“दूध? आठ सिलिंडरमधून दूध?”

“हळू बोल, ते बघतायत. ताईंना नाही कसं म्हणायचं?”

“मला सांगायचंस तरी!”

“विसर्जनाला एकाऐवजी दोन दिवस दिलेस, तेव्हा तू सांगितलंस?”

त्यांची बारा वर्षांची मुलगी ऋग्वेदा बाकावर बसून हे ऐकत होती. “आय्यो, बाबा,” ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “अंकल श्युअर वोन्ट बाय वन, लाह.”

सुबोधनं बाळूला फोन लावला. लॉरीवर गाडी चढवून तुआसला नेता येईल का?

“लॉरी सोमवारी मिळंल,” बाळू म्हणाला. “पर मला एक सांगा, आगाशे. यार्डात आमचा सरळसोट रस्ता हाय. खाजगी! ना सिग्नल, ना सरकार, ना नोंदणी. गाडी हितंच हुती. गिऱ्हाईक हितंच का न्हाई आणलं?”

“शुभदा म्हणाली, शेडमध्ये पाहुण्याला बसवायचं कुठं.”

“गाडीत!” बाळू म्हणाला.

सुबोधनं फोन खिशात ठेवला. मिस्टर क्वेक अजून स्टिअरिंगवर होते. आपण होऊन उतरेल असा तो माणूसच नव्हता. त्यांनी आधी गेटकडे पाहिलं, मग मागे वळून काँडोकडे. स्विमिंग पूल, टेनिस कोर्ट आणि तिन्ही इमारतींना वळसा घालणारा आतला रस्ता त्यांना दिसला.

“आउटसाइड कॅनॉट,” ते म्हणाले. “इनसाइड कॅन.”

सुबोधला वाटलं, या माणसाच्या पाया पडावं! गेटच्या आत सरकारचा काय संबंध? आत होती फक्त ताशी पंधरा किलोमीटरची मर्यादा, ठिकठिकाणी गतिरोधक आणि शनिवारची शांत सकाळ.

पैलवान वळला. पहिल्या गतिरोधकावर तो असा काही गुरगुरला, की पार्किंगमधल्या चार गाड्यांचे अलार्म एकदम बोंबलू लागले. स्विमिंग पूलच्या काठी ‘ताय-ची’ हा चिनी व्यायाम करणाऱ्या आजीबाई एका पायावर होत्या, त्या तशाच राहिल्या. पोहायला शिकणारी मुलं काठाला लटकून टाळ्या वाजवू लागली. गार्डनं आगविझवणी नळकांडं भिंतीवरून काढून हाताशी घेतलं. क्वेकच्या चेहऱ्यावर मात्र, सुबोधची शपथ, हसू होतं!

आणि नेमकं फंक्शन रूमचं दार उघडून, नव्या वर्षाच्या कार्यक्रमाची तालीम अर्धी टाकून, संजीवनीताई बाहेर आल्या.

“अगंबाई! पैलवान बाहेर काढलाय आणि आम्हाला कुणी कळवलं नाही?”

“ताई, ते गिऱ्हाईक आहे,” सुबोध धावत मध्ये गेला. “टेस्ट ड्राइव्ह चाललीय.”

“मग त्यांना कुणी माहिती द्यायला नको? तू काय बोलणार, तू भिडस्त!” असं म्हणून ताईंनी हात दाखवून गाडी थांबवली. क्वेकनी ती थांबवली. ताईंचा हात दिसला की सगळेच थांबवतात.

गाडी दोन दारांची. पुढच्या सीटवर सुबोध बसायच्या आत ताईंनी ती सीट पुढे दुमडली आणि त्या मागे शिरल्या. अशा गाडीत मागे शिरणं म्हणजे बरणीत हात घालण्यासारखं असतं. आत जाता येतं. सीट धाडकन मागे पडली, दार लागलं, आणि पैलवान ताईंना घेऊन निघाला. सुबोध रस्त्यावर!

पुढची माहिती त्याला तुकड्यातुकड्यांनी मिळाली. गाडी गेटपाशी यायची, उघड्या काचेतून ताईंचा आवाज यायचा आणि गाडी पुढे जायची.

पहिली फेरी. “...गणपती वॉज सिटिंग हिअर, माय साइड. युवर साइड ओन्ली मोदक...”

सुबोधनं हसून हात हलवला.

दुसरी फेरी. “...सिक्स बॉइज ऑन द बॉनेट, विथ ढोल. बट लाइट बॉइज, ऑल आयटी...”

“शांत रविवारीच चालवलेली,” शुभदा पुटपुटली. जाहिरात तिनंच टाइप केली होती.

तिसरी फेरी. “...मिल्क फेल डाउन. लिटल बिट, दोन पातेली. बट नाऊ नो स्मेल. यू स्मेल, यू स्मेल!” आणि गाडी समोरून जाताना सुबोधनं पाहिलं, मिस्टर क्वेक एका हातानं स्टिअरिंग धरून शेजारच्या सीटकडे नाक नेत होते.

“बाबा,” ऋग्वेदा म्हणाली, “डोन्ट लुक.”

चौथी फेरी पुरी झाली नाही. पैलवानाला धावायची सवय. वरातीच्या चालीनं त्याचं डोकं तापलं. टेनिस कोर्टाच्या वळणावर बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि गाडी थांबली. गार्ड नळकांडं घेऊन धावला, सुबोध “नको! नवा रंग आहे!” असं ओरडत गार्डच्या मागे धावला आणि शुभदा पाण्याची कळशी घेऊन दोघांच्या मागे. एव्हाना तालमीची सगळी मंडळी बाहेर आली होती. सवयीनं दोघांनी गाडीला धक्का मारायची तयारीही केली.

ताईंना बाहेर काढायला तिघं लागले. एक हात स्वतः क्वेकनी धरला होता.

“मॅडम,” ताई उभ्या राहिल्यावर ते म्हणाले, “नेक्स्ट इयर ऑल्सो यू यूज?”

“ऑफ कोर्स! फर्स्ट संक्रांत हळदीकुंकू. देन पाडवा. देन टू मुंज. देन गणपती, दॅट इज फिक्स.”

“बट आय बाय. माय कार.”

“सो व्हॉट?” ताई मनापासून म्हणाल्या. “यू एट अवर पोहे! नाऊ यू आर फॅमिली.”

मिस्टर क्वेक सुबोधकडे वळले. “यू सेल कार विथ मॅडम?”

या क्षणी दुसऱ्या कुणीही हसून वेळ मारून नेली असती. सुबोध पडला सदाशिव पेठेचा. जाहिरातीत काहीही लिहिलं, तरी तोंडावर त्याला खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं कुठं थांबवायचं हेही माहीत नव्हतं. “नो,” तो म्हणाला. “कार इज सोल्ड. मॅडम इज... ऑटोमॅटिक.”

क्वेकनी हातमोजे काढले, नीट घडी घालून खिशात ठेवले. “आय थिंक फर्स्ट,” ते म्हणाले. रिकाम्या हातानं कुणाला पाठवायचं नाही म्हणून शुभदानं त्यांना बेसनाच्या लाडवांचा डबा दिला. तो त्यांनी घेतला, टॅक्सी बोलावली आणि ते गेले.

संध्याकाळी शुभदानंच विषय काढला. “मग काय, शेडमध्येच बसवायचं होतं त्यांना?”

“हो!” सुबोध ओरडला.

“पोहे न देता?”

सुबोधनं बराच विचार केला. चार वर्षं खपून उभा केलेला पैलवान खाली व्हिजिटर पार्किंगमध्ये गार होत उभा होता, आणि तरीही “हो” म्हणायला त्याची जीभ वळेना.

गुरुवारी मेलबर्नहून मेसेज आला. किंमत मान्य होती. लाडू चांगले होते. फक्त पैसे पाठवण्यापूर्वी मिस्टर क्वेकना एक गोष्ट हवी होती: पुढच्या वर्षी आपल्या वाट्याला कोणते दिवस मोकळे आहेत, ते सुबोधनं मॅडमना विचारून कळवावं.

सुबोध दोन दोन पायऱ्या गाळत ताईंच्या दारात पोचला. “ताई, त्यांना काही दिवस सोडा. थोडेच. गाडी वाचेल!”

“अरे, मी एकटी कोण ठरवणार?” ताई म्हणाल्या. “कमिटीपुढे ठेवते. मला वाटतं, फेब्रुवारीत एक दिवस निघेल. सकाळचा. पण रविवार मागू नका म्हणावं.”

कमिटीची बैठक शनिवारी, चोवीस तारखेला, बोलावली होती. नाताळच्या सुट्टीमुळे अर्धे सभासद बालीला गेले होते. कोरम न झाल्यामुळे बैठक तहकूब करण्यात आली.

मंगळवारी, सत्तावीस तारखेला, सकाळी साडेनऊ वाजता भंगारवाल्याचा फोन आला. उद्या लॉरी किती वाजता आणू, असं त्यानं विचारलं.

कमिटीला विचारून कळवतो, असं सुबोधनं त्याला सांगितलं आहे.